मनोऱ्यावरचे आमचे आजोबा

कॉफी गार होऊ देऊ नका. ही गोष्ट सांगताना मी मधेमधे थांबतो, कारण अजूनही कान गरम होतात. आणि एक अट आधीच घालतो. हसायचं असेल तर मला हसा. माझ्या आत्याला हसायचं नाही, आणि आजोबांना तर मुळीच नाही. त्यांचा यात काय दोष?

मी तंजावूरचा. आमची माणसं मराठा राजांबरोबर महाराष्ट्रातून इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. मी मात्र बँकेच्या नोकरीत उमेदीची सगळी वर्षं पुण्यात घालवली, म्हणून ही अशी लिहिता-वाचता येणारी मराठी. पुण्यात पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "वा! मद्रासी असून मराठी छान बोलता हो!"

अहो, मी मराठीच! हे त्यांना पटवता पटवता मी निवृत्त झालो. तंजावूरला परत आलो, तर कोपऱ्यावरचा भाजीवाला काय विचारतो? "रायर, तुमच्या गावाकडे सगळं ठीक ना?" माझं गाव हेच की रे बाबा! बाजूच्या गल्लीत जन्मलो!

म्हणजे तिकडे मद्रासी आणि इकडे रायर, बाहेरून आलेला मराठी. अशा माणसाला काहीतरी भक्कम पुरावा लागतो. माझ्याकडे तो होता. आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर आजोबा होते.

आजोबा म्हणजे आजोबांच्याही आजोबांचे कोणीतरी. काचेवर रंगवलेलं चित्र, तंजावूरच्या चिताऱ्यांच्या हातचं. समुद्रकाठी राजांनी बांधलेला जो मनोरा आहे ना, त्या मनोऱ्याचे हे किल्लेदार. दोन्ही हातांवर आडवी तलवार घेऊन, मान लववून उभे. राजाच्या चरणी तलवार अर्पण करताहेत. पुण्यात कुणी मला मद्रासी म्हणालं की मी दुसऱ्या दिवशी या चित्राचा फोटो ऑफिसात घेऊन जायचो.

आता चित्रात काही गोष्टी जराशा वेगळ्या होत्या, नाही असं नाही. पण घरात प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. उत्तरं आत्याची. आमची अंबा आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून आजोबांचं सगळं तीच बघायची.

"आत्या, आजोबांच्या डोक्यावर पगडी का नाही?"

"तिरुपतीला मोट्टै केलं होतं. केस नुकते उगवत होते. पगडी टोचते."

"आणि मिशा?"

"मोट्टै करताना मिशा ठेवतात का रे?"

निळा कोट, त्यावर सोनेरी गुंड्या? राजांनी दिलेला मान. गुडघ्यापर्यंत बूट? समुद्रकाठी साप फार. एवढे गोरे? मूळचे कोकणातले. निळे डोळे? चिताऱ्याकडचा काळा रंग संपला. पायाशी, चौकटीच्या कडेला, एक काळा गुळगुळीत गोटा होता. तो शाळिग्राम. आजोबा जातील तिथे बरोबर नेत. आत्या रोज त्या शाळिग्रामावर, म्हणजे काचेवर, तुळशीचं पान चिकटवायची.

एकदा मी विचारलं होतं, "तलवारीला मूठ कुठाय?" कारण पातं हातांवरून जाऊन सरळ चौकटीत घुसलं होतं.

"मूठ राजाच्या हातात," आत्या म्हणाली. "राजा चित्राच्या बाहेर उभा आहे. राजाला असं कुणाच्याही घरात टांगतात का?"

तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही हुशार माणसं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणाच्या लक्षात आलं नाही! उलट, घरात मूल जन्मलं की त्याला चित्रासमोर धरून नाक बघायचं. माझं नाक तर अगदी त्यांचंच, असा निकाल बारशालाच लागला होता. या नाकाच्या जोरावर मी आयुष्यभर ताठ चाललो.

दर सर्वपित्री अमावस्येला आजोबांसमोर केळीचं पान. त्यावर पुरणपोळी, वर तुपाची धार. आता आत्या ऐंशीच्या पलीकडे गेली. माझी मुलं परदेशात, त्यांना मराठी समजते पण बोलायची वेळ आली की हसतात. गेल्या वर्षी पान वाढता वाढता आत्या थांबली आणि म्हणाली, "वेंकोबा, माझ्यामागं याला कोण ओळखणार रे?"

ते माझ्या मनाला लागलं. मी आहे असं मी म्हणालो, पण मलाही पोळी लाटता येत नाही हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात बातमी आली की मनोरा दुरुस्त झाला. वर्षानुवर्षं आत वटवाघळं आणि बाहेर सुरूच्या झाडांत शेळ्या होत्या. आता आत छोटंसं संग्रहालय केलंय, आणि जुन्या वस्तू कुणाकडे असतील तर द्या म्हणून सांगितलंय. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! आजोबांना त्यांच्याच मनोऱ्यावर पोचवायचं. भिंतीवर नाव लागेल. आत्याची काळजी मिटेल.

आणि हो, पुण्याच्या त्या सगळ्या मंडळींना फोटो पाठवता येईल. खोटं कशाला बोलू?

आत्यानं दोन दिवस विचार केला. "देते," म्हणाली. "पण तो कोण ते भिंतीवर लिहायचं. नुसतं 'जुनं चित्र' म्हणून नाही टांगायचं. तेवढं करशील?"

"करीन," मी म्हणालो. शब्द दिला.

संग्रहालयाचं काम सेल्वी नावाची एक तरुण मुलगी बघते. तिला मी चित्राचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "सर, फार सुंदर चित्र आहे. पण हे तुमचे पूर्वज, हे नक्की का?"

नक्की का? माझं नाक लाल झालं. मी म्हणालो, "अम्मा, तुमचे आजोबा तुमचे आजोबा, हे नक्की का?"

ती पोर बिचारी हळूच म्हणाली, "सर, एकदा येऊन आमच्या दुसऱ्या मजल्यावर काय लावलंय ते बघून जा ना."

"माझे गुडघे दुखतात," मी म्हणालो. "जिने नकोत. थेट कार्यक्रमालाच येतो."

बघितलंत? देव संधी देतो. आपण गुडघे पुढे करतो.

मग मी काय काय केलं ते ऐका. पितळेची पाटी करवून घेतली. मराठी, तमिळ, इंग्रजी, तिन्ही भाषांत 'मनोऱ्याचे पहिले किल्लेदार'. पहिले हे मी पदरचं घातलं. किल्लेदार म्हटल्यावर कुणीतरी पहिला असणारच ना? आणि ही सगळी वार्ता आमच्या तंजावूर मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, वर हात जोडलेली चित्रं डझनभर.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. आत्या मागे, मांडीवर आजोबा, शेजारी पोळ्यांचा डबा. ओरत्तनाडुवरून जाताना आत्यानं तोंड फिरवलं. तिथे आमचे भाऊबंद राहतात, तुळजाराम आणि त्याचं कुटुंब. पूर्वी कधीतरी वाटणीत भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद. भांडण कशावरून, ते मात्र कुणालाच आठवत नाही.

मनोरा समोर दिसला आणि खरं सांगतो, मी शर्टाची कॉलर सरळ केली. मजल्यावर मजला चढवत निमुळता होत गेलेला, विटांचा, भोवती खंदक, मागे आमचा तो समुद्र. त्या समुद्राला लाटा अशा नाहीतच. मोठ्या तळ्यासारखा पसरलेला असतो. मासेमारीच्या होड्या काठाला टेकल्या होत्या. आत्या कमानीखालच्या पायरीवर बसली. आतला उंबरठा उंच, तिला चढवेना. "तू जा," म्हणाली. "असकं नीट करून ये." असकं म्हणजे आमच्याकडचं सगळं. "मी इथं पोळी काढून ठेवते. त्याला त्याच्या दारात नैवेद्य."

आत शाळेची मुलं बसली होती. टेबलावर आजोबा, शेजारी पितळी पाटी. सेल्वी माझ्याकडे जरा काळजीनं बघत होती. पण मी कुठला ऐकतोय! भाषणाला उभा राहिलो. तमिळमध्ये सुरू केलं, मधेच आवेशात मराठीत शिरलो. "याच मनोऱ्यात, याच भिंतींमध्ये, माझ्या आजोबांनी राजाच्या चरणी ही तलवार..."

"थांब रे!"

दारात तुळजाराम! धापा टाकत, काखेत वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलेलं काहीतरी.

"ग्रुपवर वाचलं मी," तो ओरडला. "तुझे आजोबा किल्लेदार? अरे, किल्लेदार आमचे आजोबा! तुझे आमच्या आजोबांच्या हाताखाली होते!"

"तुला कुणी बोलावलं?"

"मला कशाला बोलावणं पाहिजे? मनोरा माझ्याही आजोबांचा!" आणि त्यानं टेबलावर वेष्टी सोडली.

काचेवरचं चित्र. तसंच, तेवढंच उंच. पांढऱ्या घोड्यावर लाल कोटातला गोरा माणूस, छाती पुढे, एक हात खाली लांब केलेला. त्या हातात तलवारीची मूठ. नुसती मूठ!

मला हसू आवरेना. "तुळजा, तुझ्या आजोबांच्या तलवारीला पातं कुठाय?"

"लढताना तुटलं! पातं तुटलं तरी लढत राहिले, असे आमचे आजोबा! तुझ्या आजोबांच्या तलवारीला मूठ तरी होती का? नुसतं पातं घेऊन फिरतोय, हात नाही कापला?"

मुलं हसायला लागली. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी चित्रं पुढे सरकवत होतो. तो म्हणतो माझं बघा, मी म्हणतो माझं बघा. सेल्वी मधे आली. दोन्ही चौकटी सोडवल्या, दोन काचा हलकेच उचलल्या आणि शेजारी-शेजारी ठेवल्या.

कड कडेला लागली.

मूठ पात्याला जाऊन मिळाली. तलवार पुरी झाली. आणि आजोबांचा शाळिग्राम? तो घोड्याचा खूर होता! वरचा पाय तुळजाच्या काचेत, खूर आमच्या. जन्मभर आत्यानं घोड्याच्या टापेला तुळस वाहिली होती.

वाटणीत भांडण कशावरून झालं होतं, ते आम्हा दोघांना एकदमच कळलं. एक चित्र, दोन भाऊ, आणि कुणीही माघार घेईना.

"सर," सेल्वी हळू आवाजात म्हणाली, "आता तरी वर येता का?"

गेलो. गुडघे दुखले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर बोटीतून आलेलं एक जुनं छापील चित्र लावलं होतं. तोच घोडा. तोच लाल कोट. आणि मान खाली घालून, बोडक्या डोक्यानं तलवार देणारे तेच आमचे आजोबा. सेल्वीनं समजावून सांगितलं, फार जपून, दवाखान्यात सांगतात तसं. दूर समुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई झाली. लाल कोटवाला जिंकला, निळा कोटवाला हरला. जिंकणारे राजांचे मित्र, म्हणून राजांनी आनंदानं हा मनोरा बांधला. अशी छापील चित्रं तेव्हा आली, आपल्या चिताऱ्यांनी ती काचेवर उतरवली, लोकांनी हौसेनं घरात लावली.

ऐकलंत ना? आमच्या आजोबांनी मनोरा राखलाच नव्हता. आजोबा हरले, म्हणून मनोरा उभा राहिला!

मी खिडकीत टेकलो. खाली समुद्र शांत. पायरीवर आत्या दिसत होती, वरून एवढीशी. डबा उघडून, पान मांडून वाट बघत होती. पाटी, पुणं, नाक, सगळं मी विसरलो. एकच प्रश्न पडला की हिला काय सांगू? ज्याला तिनं जन्मभर सांभाळलं, तो कुणाचाच नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?

"नको सांगू रे," तुळजाराम म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलत होता. "म्हातारं माणूस. झालं असकं म्हण, टांगलं म्हण, चल."

मी सेल्वीकडे बघितलं. ती म्हणाली, "सर, पाटी मात्र मला लावता येणार नाही."

आम्ही दोघं खाली उतरलो. आत्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुळजारामाकडे.

"हा काय म्हणून आला? आणि तुम्हा दोघांची तोंडं अशी का? काच फुटली?"

"नाही आत्या. उलट जोडली."

मग मला खोटं बोलवलं नाही. पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. खुरापर्यंत. बोलताना मी समुद्राकडे बघत होतो, तिच्याकडे बघायचा धीर नव्हता.

"हरला?" तिनं विचारलं.

"हो."

"मग घरी गेला का?"

"नाही. लांब कुठेतरी कैदेत ठेवलं म्हणे. तिथेच वारला."

"जवळ कोण होतं?"

"कोण असणार?"

"पापम रे," आत्या म्हणाली. बिचारा म्हणायला आमच्या घरात हाच शब्द. तिनं पोळीवर तूप सोडलं. "तिथं त्याला कुणी पान वाढलं नसेल. म्हणून आपल्याकडे आला."

"आत्या, तो आपला कुणीच नव्हता."

"आपण तरी इथले कोण होतो? कुठल्या कुठून आलों. या मातीनं जेवायला घातलं, इथले झालों. कुणी पुरावा विचारला का?" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं त्यानं. आता काय उठवू त्याला पानावरून?"

मला रडू आलं. मी मनोऱ्याच्या पायरीवर बसून, मागून बाहेर आलेल्या पन्नास शाळकरी पोरांसमोर, डोळे पुसले. पुण्यात इतकी वर्षं जो पुरावा मी फोटो दाखवून दाखवून शोधत होतो, त्याची गरजच नव्हती, हे मला तूप सांडलेल्या पायरीवर कळलं. तुळजारामही उपरण्यानं नाक पुसत होता. आत्यानं त्याच्याकडे बघितलं आणि दुसरं पान मांडलं. "तुझ्या घोडेवाल्याला कुणी जेवायला घातलं का कधी? की नुसताच भिंतीवर?"

"नुसताच भिंतीवर, आत्या."

"मग आण त्यालाही."

चित्र आता मनोऱ्यातच आहे, जोडलेलं, अखंड. खाली सेल्वीनं खरं तेच लिहिलंय, कोण जिंकलं, कोण हरलं. आणि शेवटी एक ओळ जास्तीची, की तंजावूरच्या दोन मराठी घरांनी या दोघांना आजोबा म्हणून सांभाळलं. आत्याला तेवढी ओळ पुरली. माझी पितळी पाटी घरी आहे. ताकाच्या भांड्यावर झाकण म्हणून छान बसते.

घरी भिंतीवर आता त्या चित्राचा मोठा फोटो आहे. यंदाच्या सर्वपित्रीला तुळजाराम सहकुटुंब आला. दोन पानं वाढली. आत्या पाटावर बसून सांगत होती आणि मी पोळ्या लाटत होतो. हो, मी! पहिल्या तीन कावळ्यानंही नाकारल्या, पण शिकतोय.

जेवता जेवता तुळजाराम फुगला. बोटानं घोडेवाल्याकडे दाखवून म्हणाला, "काही म्हण वेंकोबा, शेवटी आमचेच जिंकले. तुझ्या आजोबांनी मान खाली घातली!"

आता तुम्हीच सांगा. मला सगळं माहीत होतं ना? मनोऱ्यावर जाऊन, जिना चढून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेला माणूस मी. हसून सोडून द्यायला काय झालं होतं? पण नाही. मी हातातला घास पानावर ठेवला, नाक वर केलं, आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"तोंड सांभाळून बोल, तुळजा! मान खाली नव्हती घातली. मोट्टै केलं होतं, ऊन लागत होतं!"